एकाच बोटीत बसून पाण्यात पाहणारा सहकारी: त्याचं काय करायचं?

ड्रॅगन बोटीत, म्हणजे सगळ्यांनी मिळून वल्हवायच्या लांबट शर्यतीच्या बोटीत, दोघांचं पटत नसलं तरी तोंड फिरवून बसायची सोय नसते. मोठी बोट साधारण साडेबारा मीटर लांब. तिच्यात दहा फळ्या, प्रत्येक फळीवर दोघं, पुढे नाकाशी ढोल घेऊन बसलेला ड्रमर आणि मागे लांब वल्हं धरून उभा असलेला सुकाणूवाला, असे एकूण 22 जण. लहान बोटीत दहा पॅडलर (पॅडल, म्हणजे आखूड वल्हं मारणारे) आणि हे दोघं, म्हणजे 12. मागच्याचं पॅडल पुढच्याच्या पाठीजवळूनच फिरत असतं. अशा जागेत एखादा सतत टोमणे मारणारा, उठसूट दुसऱ्याचा पाणउतारा करणारा निघाला, तर मनं दुखावायच्या आधी बोटीची चाल बिघडते.

सोलापुरात असा संघ जमवायचा म्हणजे जिममधली पोरं, पोहणारी मंडळी, कॉलेजचे आजी-माजी खेळाडू आणि "वजन उतरतंय का बघू" म्हणून आलेले दोन-चार जण यांची मोट बांधावी लागते. एक गेला तर त्याच्या जागी यायला बाहेर कुणी रांग लावून उभं नसतं. म्हणून "काढून टाका त्याला" हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण बहुतेक कॅप्टनना तो परवडत नाही. मूग गिळून बसणंही परवडत नाही, कारण मग चांगली माणसं न बोलता यायची बंद होतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बोटीतल्या बहुतेक कुरबुरींचं मूळ माणसाच्या स्वभावात कमी असतं. बोटीत बोलायचं कुणी, हे कधी ठरलेलंच नसतं, तिथे जास्त असतं. ते आधी ठरवा. ठरवूनही जो सुधारत नाही, त्याचा मात्र स्वभावच तसा आहे असं धरा आणि पुढच्या पायऱ्या चढा.

पहिली पायरी: हा अपमान आहे की नुसती बोलायची तऱ्हा?

आपल्याकडे "काय बे, झोपलास का?" एवढ्यावर कुणी रुसत नाही. उलट कुणी अचानक "अहो-जाहो" करायला लागला की लोक विचारतात, काय झालं. त्यामुळे शब्द मोजत बसू नका, ते कुणाकडे जातात ते बघा. हा माणूस कोचशी असंच बोलतो का? संघातल्या सगळ्यात तगड्या गड्याला असंच बोलतो का? बोलत असेल तर त्याचं तोंडच तसं आहे, एकदा सांगून भागेल. पण कोचसमोर गोगलगाय आणि नव्या पोरासमोर, जाड माणसासमोर किंवा बायकांसमोर वाघ, असा प्रकार असेल तर ती सवय नव्हे. तो माणूस बघून बोलतोय.

न बोलता केलेला अपमानही असतो. सराव संपला की अडीचशे किलोच्या आसपासची बोट सगळ्यांनी मिळून उचलायची असते. नेमका तेव्हाच ज्याला फोन येतो, आणि तोही दर वेळी, तो बाकीच्यांना हमाल समजतोय. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे दोघं बोटीत आपापसांत काहीतरी पुटपुटून हसले की बाकीच्यांना वाटतं, आपल्यावरच हसले. बहुतेकदा तसं काही नसतं. बोटीत सगळ्यांना कळेल असंच बोलायचं, एवढा नियम केला की हा प्रश्न मिटतो.

दुसरी पायरी: ड्रमरला आणि सुकाणूवाल्याला विचारा

तक्रार आली की लगेच निवाडा करू नका. बोटीत सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, एकट्या ड्रमरचं उलट. त्याला प्रत्येकाचा चेहरा दिसतो: कुणी नाक मुरडलं, कुणी मागे वळून डोळे वटारले, कुणाचा चेहरा पडला. सुकाणूवाल्याला सगळ्यांच्या पाठी आणि पॅडल दिसतात, त्यामुळे कुणी मुद्दाम पाणी उडवलं आणि कुणाचं चुकून उडालं हे तो सांगू शकतो. दोघांना वेगवेगळं विचारा. "अमका कसा वागतो?" असं विचारू नका, तसं विचारलं की लोक वकिली करतात. "शनिवारी दुसऱ्या पाचशे मीटरच्या फेरीच्या वेळी चौथ्या फळीवर काय झालं?" असं विचारा.

जे कळेल ते तारखेसकट वहीत टिपून ठेवा. दोन ओळी पुरतात. पुढे गरज पडली तर "तू नेहमीच असं करतोस" असल्या मोघम आरोपापेक्षा या दोन ओळी जास्त कामाला येतात.

तिसरी पायरी: टायमिंगचा वाद मोबाइलवर सोडवा

बोटीतला निम्मा अपमान "तुझ्यामुळे टायमिंग जातंय" या वाक्यापासून सुरू होतो. म्हणून ते खरंच कुणामुळे जातं, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टायमिंग पहिल्या फळीवरची जोडी देते. मागच्यांनी मान वर ठेवून त्या जोडीकडे, सहसा आपल्या विरुद्ध बाजूच्या पॅडलरकडे, बघायचं असतं. नवखे लोक ते विसरतात आणि ठीक समोरच्याच्या पॅडलकडे बघून मारतात. समोरचा थोडा उशीर करतो, हा त्याच्याहून थोडा, त्याच्या मागचा आणखी थोडा. नवव्या-दहाव्या फळीपर्यंत तो उशीर उघड दिसायला लागतो. मग मधल्या फळीवरचा एखादा धिप्पाड गडी मागे वळून ओरडतो, "मागचे काय करायलेत?" प्रत्यक्षात उशिराची सुरुवात त्याच्याच आसपास झालेली असू शकते.

काठावर एकाला मोबाइल घेऊन उभं करा. बोट समोरून आडवी जाताना व्हिडिओ घ्यायचा आणि मग संथ गतीत लावून बघायचा. प्रत्येकाचं पातं पाण्यात कधी शिरतं ते स्पष्ट दिसतं. उशीर करणारा दिसतो, तसा घाई करणाराही दिसतो. दुसऱ्यांना नावं ठेवणारा कधीकधी स्वतः बाकीच्यांच्या आधी पॅडल पाण्यात घालत असतो, आणि म्हणून त्याला सगळं जग संथ वाटतं. हा व्हिडिओ सगळ्या संघासमोर लावून त्याची जिरवायचा मोह होईल. तो आवरा. त्याला एकट्याला दाखवा, काम होतं.

"बायकांमुळे बोट मागे पडते" म्हणणाऱ्याला मात्र एक नियम सगळ्यांसमोर सांगायला हरकत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या बोटीच्या मिश्र गटात 20 पॅडलरपैकी किमान 8 आणि जास्तीत जास्त 12 महिला लागतात. त्या नसतील तर ती बोट मिश्र गटात उतरूच शकत नाही.

चौथी पायरी: बोटीत कुणी बोलायचं ते ठरवा

नियम एका ओळीचा आहे. पाण्यात आवाज फक्त सुकाणूवाल्याचा, ड्रमरचा आणि बोटीत असला तर कोचचा. पॅडलरनी बोलायचं ते एकाच कारणासाठी, धोका असेल तर.

शर्यतीच्या वेगात मिनिटाला 60-70 वेळा पॅडल पाण्यात जातं. म्हणजे एका फटक्याला जेमतेम सेकंदभर मिळतो. तेवढ्यात मागे वळून कुणाला शिकवायचं म्हटलं तर स्वतःचा फटका चुकतो, खांदा फिरतो, बोट कलते आणि मागच्याचं पॅडल अडकतं. शिवाय ज्याला शिकवायचं त्याला धड काही ऐकू येत नाही, फक्त चिडलेला चेहरा दिसतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज कमरेला लावून चालणाऱ्याला तोल सांभाळताना कुणी धडे देत बसत नाही, शिकवणं सगळं आधीच्या सरावात होतं. इथेही तसंच.

हा नियम नुसता सांगून चालत नाही. लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवा. त्याच कागदावर आणखी दोन-तीन गोष्टी येऊ द्यात: जात, धर्म, शरीर, बाईपण यांवर शेरे चालणार नाहीत, बोट सगळे उचलतील, तक्रार कॅप्टनकडे, आणि कॅप्टनबद्दल असेल तर कोचकडे. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला हा कागद वाचायला द्या. भांडण झाल्यावर नियम केला तर तो एकट्याला डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखा दिसतो.

शिकवायची खाज सगळ्यांनाच असते, तिला वाट मात्र ठेवा. सराव संपल्यावर पाच मिनिटं काठावर गोल करून उभं राहायचं आणि ज्याला जे दिसलं ते त्याने कोचकडे बघून सांगायचं. थेट एकमेकांना सांगायचं नाही. एवढ्या एका सवयीने बरीच वाफ निघून जाते.

त्या क्षणी, पाण्यात असताना

ज्याच्यावर शेरा मारला गेला त्याने तिथे उत्तर देऊ नये. नजर पुढे, पॅडल चालू. हे सोसायला सांगणं नाही. उत्तर काठावर द्यायचंच आहे, पण चालत्या बोटीत दिलेलं उत्तर फक्त भांडण वाढवतं. मुद्दाम पॅडल लागत असेल किंवा धक्के बसत असतील तर मोठ्याने "बोट थांबवा" म्हणा. सुकाणूवाल्याने "लेट इट रन" देऊन सगळ्यांची पॅडलं वर घ्यायची, मग "होल्ड द बोट", म्हणजे पॅडल पाण्यात रोवून बोट थांबवायची. पाण्यात सुरक्षिततेची जबाबदारी त्याची असते, त्यामुळे तिथे कॅप्टननेही त्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही. सुकाणूवाल्याने एवढंच म्हणायचं, "आता काठाला जातोय. बोलणं तिकडे." बोटीत कुणीही उभं राहायचं नाही. दोघं तावातावाने उठले तर 22 जण पाण्यात जातील.

एक गोष्ट नवख्या संघांना माहीत नसते. बोट उलटलीच तर प्रत्येकाने आधी आपल्या फळीवरच्या जोडीदाराला शोधायचं असतं, मग बोटीला धरून राहायचं आणि मग पुढून मागे मोजणी द्यायची. म्हणजे तुमचा जोडीदार हाच तुमचा पहिला राखणदार. ज्या दोघांत बोलचाल बंद आहे त्यांना एका फळीवर बसवणं म्हणूनच धोक्याचं आहे.

पाचवी पायरी: एकट्यात बोला

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात टाळली जाणारी पायरी हीच. कधी आणि कुठे बोलायचं, यावर निम्मं यश असतं. सराव संपल्या संपल्या नको. मार्च संपता संपता सोलापूरचा पारा चाळिशीकडे सरकलेला असतो, दोन-तीन पाचशे मारून घसा कोरडा पडलेला असतो, त्या वेळी सरळ बोललेलंही वाकडं लागतं. चहाच्या टपरीवर नको, तिथे प्रेक्षक असतात. सगळे मिळून उजनीला सरावाला जाताय, तर गाडीतही नको. त्याला मध्येच उतरून जाता येत नाही आणि बाकीचे झोपेचं सोंग घेऊन ऐकत असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हिप्परगा तलावाच्या बांधावर किंवा पार्क चौकात, दोघंच भेटा. दोन दिवसांपेक्षा जास्त लांबवू नका.

बोलायचं असं:

"शनिवारी दुसऱ्या पाचशेला तू मागं वळून ताईंना म्हणालास, 'पॅडल मारायलीस का पोळ्या लाटायलीस?' तू वळलास तेव्हा तुझं पॅडल पाण्यात नव्हतं, मागच्या दोन फळ्या चुकल्या. पण ते सोड. ते बोलणंच मला चाललेलं नाही. इथून पुढं बोटीत वळायचं नाही आणि संघात कुणालाही असं बोलायचं नाही. टायमिंगचं काही दिसलं तर काठावर मला सांग."

आणि गप्प बसा. इथेच बहुतेक जण घसरतात. शांतता सहन होत नाही म्हणून "म्हणजे तुझं सगळंच चुकीचं असं नाही, तू आपला बेस्ट पॅडलर आहेस..." अशी सारवासारव सुरू होते, आणि समोरच्याला कळतं की हा नुसता बोलायला आलाय.

उत्तरं साधारण ठरलेली असतात. "मजाक केली राव." त्यावर: "केली असशील. त्यांना हसू आलं नाही, त्यामुळं बंद." "मी संघासाठीच बोललो की." त्यावर: "संघासाठी बोलायला कोच आहे. तुझा मुद्दा मला सांग, मी पोचवतो." "ती काय धुतल्या तांदळाची आहे का?" त्यावर: "त्यांच्याशी वेगळं बोलेन. आत्ता तुझं चाललंय." "मग काढा मला." त्यावर: "काढायचं असतं तर इथं बोलवलं नसतं. उद्या सहाला येणार का?"

हे झाल्यावर, आधी नाही, विचारा, "तुला काही खटकतंय का?" कधीकधी खरं कारण इथे बाहेर येतं. पहिल्या फळीवरून काढून मधल्या फळीवर टाकलं, म्हणून तो धुमसत असतो. पुढच्या फळ्यांना ताल आणि लांब पोच लागते, वजनदार आणि ताकदीचे गडी मधे लागतात, म्हणून बदल केला, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगा. कारण समजलं म्हणून शेरा माफ होत नाही, पण पुढचा शेरा टळू शकतो.

समोरचा वयाने मोठा असेल, कॅप्टन पंचविशीचा आणि हे चाळिशीपुढचे, तर "दादा", "काका", "सर" जे रोज म्हणता तेच म्हणा, "तुम्ही" म्हणा. मुद्दा मात्र पातळ करू नका. "काका, राग मानू नका, पण नव्या पोरांना असं बोललेलं चालणार नाही" एवढं आदराने बोलता येतं.

सगळ्यांसमोर "सॉरी" म्हणायला लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जबरीने म्हणवलेल्या सॉरीची वसुली नंतर होते. पण अपमान चारचौघांत झाला असेल तर पुढच्या सरावाआधी कॅप्टनने नाव न घेता दोन वाक्यं चारचौघांतच बोलायला हवीत, नाहीतर ज्याचा अपमान झाला त्याला वाटतं, प्रकरण दाबलं. त्याला किंवा तिला वेगळा फोन करून "बोललोय" एवढं कळवा, काय बोलणं झालं ते सविस्तर सांगायची गरज नाही.

सहावी पायरी: फळ्या बदला

दोघांना लांब बसवायचं, पण सरसकट उचलून नाही. एका फळीवरच्या दोघांचं वजन शक्यतो जवळपास असावं लागतं, नाहीतर बोट एका अंगाला झुकते. म्हणजे एकाला हलवलं तर बहुतेक वेळा आणखी दोघं-तिघं हलतात. कागदावर दहा फळ्या आखून नावं आणि वजनं मांडा, मगच बदला. एकाच्या ठीक मागे दुसरा येऊ देऊ नका, पॅडल पाठीला लागलं की ते चुकून लागलं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. वाह्यात बोलणाऱ्याला शक्यतो पुढे, ड्रमरच्या थेट नजरेसमोर बसवा. मागे बसवला तर त्याला सगळ्यांच्या पाठी मिळतात आणि बोलायला फावतं. त्याच्या शेजारी शांत आणि ज्याचा तो मान राखतो असा जुना पॅडलर द्या.

व्हॉट्सॲप

ग्रुपवर फक्त वेळ, जागा, पाण्याची स्थिती, वर्गणी. कुणाच्या पॅडलिंगवर शेरा आला तर कॅप्टनने "हे काठावर बोलू" लिहून थांबायचं, वाद घालायचा नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. रात्री दहानंतर आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर द्या.

सातवी पायरी: ऐकलंच नाही तर

दुसऱ्यांदा तेच घडलं तर कॅप्टन आणि कोच दोघांनी मिळून बोलायचं, आधीच्या बोलण्याची तारीख सांगायची, आणि पुढे काय होईल तेही आधीच सांगायचं. तिसऱ्यांदा झालं तर तो एक सराव काठावर बसेल, म्हणजे खरंच बसेल. त्यानंतरही चालूच राहिलं तर पुढच्या स्पर्धेच्या यादीत नाव नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री किंवा सकाळी हे ठरवायची वेळ येऊ नये म्हणून यादी भरायच्या मुदतीआधीच निर्णय घ्या, आणि राखीव पॅडलरला त्याच जागेवर सराव द्या.

खरी कसोटी तो संघातला सगळ्यात ताकदवान गडी असला की लागते. त्याला काढलं तर वेळ वाढेल ही भीती खोटी नसते, थोडी वाढेलही. पण वीस जणांत एकाची ताकद म्हणजे विसावा हिस्सा. त्याच्या तोंडामुळे उरलेल्यांपैकी चार जण बिचकत, मान खाली घालून मारत असतील, तर त्यांनी तालच सोडलेला असतो. खात्री करायची असेल तर पाचशे मीटर दोनदा मारा, एकदा त्याच्यासह आणि एकदा त्याच्या जागी राखीव पॅडलर घेऊन. मधे पुरेशी विश्रांती घ्या, वारा सारखा असेल असं बघा, आणि घड्याळ बघा. त्या आकड्याने निर्णय घ्यायचा नाही, फक्त भीती किती खरी होती ते कळतं.

त्रास देणारा कॅप्टन किंवा कोचच असेल तर एकट्याने जाऊ नका. दोघं-तिघं मिळून, टिपलेल्या तारखा घेऊन संघ चालवणाऱ्या मंडळाच्या किंवा क्लबच्या अध्यक्षांकडे जा. तिथेही सगळे एकमेकांचे सगेसोयरे असतील, तर दुसरा संघ शोधणं यात पळपुटेपणा नाही.

जिथे या पायऱ्या लागू नाहीत

काही गोष्टी समजावण्याच्या पलीकडच्या असतात. नको तिथे हात लावणं, लैंगिक शेरे, तसले मेसेज यावर कॅप्टनने मध्यस्थी करायची नाही. 2013 च्या कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, सरावाची आणि स्पर्धेची ठिकाणंही येतात. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. संस्थेत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. संघात 18 वर्षांखालची मुलं असतील आणि त्यांच्याबाबत असं काही घडलं तर पॉक्सो कायदा लागतो, आणि माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा ठरतो. मुलांसाठी 1098, तातडीच्या मदतीसाठी 112. जातीवरून शिवीगाळ किंवा मारहाण झाली तर थेट पोलीस ठाणं. असल्या प्रकरणात "घरातली भांडणं घरात" म्हणणाऱ्या ज्येष्ठांना नम्रपणे बाजूला ठेवा.

निरोप द्यायचा झाला तर

ग्रुपमधून गुपचूप काढू नका. आधी फोन करा, किंवा भेटून सांगा, आणि कोचला बरोबर ठेवा. कारण एका वाक्यात: "तीनदा बोलणं झालं, बदल झाला नाही, संघ तुला पुढे नेणार नाही." तिथे पुन्हा वाद उकरायचा नाही. उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा, संघाचं पॅडल आणि लाइफ जॅकेट परत घ्या, टी-शर्ट त्याचा त्याला राहू द्या. त्याच दिवशी बाकीच्यांना एवढंच कळवा की अमुक आता संघात नाहीत आणि उद्या सराव नेहमीच्या वेळेला आहे. त्याच्या फळीवर कोण बसणार, ते नाव त्याच मेसेजमध्ये टाका.